आठच्या आत पडदा

युमाच्या त्या तळावर, चाकांवरच्या गाडीघरांत, एकट्यानं राहणाऱ्यांसाठी खरा नियम एकच होता. सकाळी आठच्या आत गल्लीकडच्या खिडकीचा पडदा वर गेला पाहिजे. बाकीचे नियम, म्हणजे कुत्र्यांचे, पाण्याचे, रात्रीच्या आवाजाचे, लोक सर्रास वाकवत आणि वर ऑफिसात रोझाल्बाला घरची बिस्किटं नेऊन देत. हा एक मात्र कुणी मोडत नसे. पडदा वर गेला म्हणजे आतलं माणूस उठलं, हातीपायी धड आहे. नाही गेला तर समोरच्या गाडीघरातल्या सोबत्यानं गल्ली ओलांडायची, दार ठोठावायचं आणि उत्तर आलं नाही तर रोझाल्बाला किल्ली घेऊन बोलवायचं. जोड्या रोझाल्बाच लावून देई. नोव्हेंबरात थंडी चुकवायला माणसं उत्तरेकडून येऊन उतरली की पहिल्याच आठवड्यात ती यादी भिंतीवर लागे.

आर्लिस त्वेटचा पडदा साडेसातला वर जाई. समोर राहणाऱ्या ऑरिन केसलचा पावणेआठला. पडदा वर गेला की ऑरिन काचेवर दोन बोटं टेकवी. आर्लिसही टेकवी. मग दोघं आपापल्या कॉफीकडे वळत. ती शहात्तरची, तो एक्क्याऐंशीचा. ती नॉर्थ डकोटातली, तो आयडाहोतला. तिकडे तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. दिवसभरात त्यांचं एवढंच बोलणं होई, आणि त्याला बोलणं म्हणावं की नाही हाही प्रश्नच.

साडेनऊ ते अकरा आर्लिस क्लबच्या खोलीत कॉफीच्या यंत्राशेजारच्या टेबलाशी बसे. तिच्यासमोर पत्र्याचा एक डबा, आणि डब्यात पाककृती लिहायच्या कार्डांवर एकोणीस हिवाळे. कुठे काय बघावं, कुठे काय खावं, कुठल्या दिवशी काय बंद. तळावर नवं माणूस आलं आणि त्यानं ऑफिसात काही विचारलं की रोझाल्बा डोकंही वर न करता सांगे, "आर्लिसला विचारा."

आर्लिस सांगे. जुना तुरुंग बघायला सकाळी जा, जानेवारीतही दुपारी दगड तापतात. वाळूचे डोंगर बघायला चार वाजता निघा, आधी जाऊन काही दिसत नाही, नुसती वाळू असते. खजुराचा मिल्कशेक दोघांत एक घ्या, पुरतो. सीमेपलीकडे अल्गोदोनेसला दात करायला जाताय? मग पलीकडे घड्याळ एक तास मागे असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर डॉक्टरच्या पायरीवर बसून राहाल. मासे कोपऱ्यावरच्या निळ्या छत्रीखाली खा, मोठ्या हॉटेलात नको. येताना परतीच्या रांगेत दोन तास जातील, पाणी न्या आणि सोबतीला बोलकं माणूस न्या.

लोक हसत, लिहून घेत, आणि जाताना एखादा विचारी, "तुम्ही स्वतः कुठे जाता हो जेवायला?"

"मी इथून फार लांब जात नाही," आर्लिस म्हणे आणि डब्याचं झाकण लावी.

ही कार्डं लिहिताना तिच्यासोबत तिचा नवरा ड्वेन असे. ड्वेननं बत्तीस वर्षं सरकारी रस्त्यांवरचा बर्फ उपसला होता. निवृत्त झाल्यावर त्यानं जाहीर केलं होतं की दुसऱ्यांच्या वाटेवरचा बर्फ पुष्कळ झाला, आता एकही हिवाळा मी बर्फात काढणार नाही. गाडीघर त्यानंच घेतलं, चालवलंही त्यानंच. खाणारा तो, लिहिणारी ती. एखाद्या ठिकाणची वांगी आवडली की तो म्हणे, "लिही, वांगी. आणि लिही की वाढणारी बाई रागीट आहे, पण मनावर घेऊ नये." दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, तिकडे घरी, गवत कापायचं यंत्र सुरू करता करता तो गेला. गाडीघर तेव्हा युमातच उभं होतं. त्यानंतर ते हललं नाही. आर्लिस विमानानं येई आणि त्यात राही, जसं एखाद्यानं घाटावर ओढून ठेवलेल्या नावेत राहावं.

एकटी ती एकदाच जेवायला गेली होती. नदीजवळ, दोघांच्या नेहमीच्या जागी. वाढणाऱ्या मुलीनं टेबलावरची दुसरी ताटली, दुसरा काटा, दुसरा पेला असं सगळं एकेक करून उचलून नेलं. मुलीची चूक नव्हती, जागा मोकळी करायची पद्धतच असते. पण तो पेला उचलला जाताना काचेवर काच वाजली, तो आवाज आर्लिसला पुढे किती दिवस ऐकू येत राहिला. कार्डावर तिनं त्या जागेबद्दल काही वाईट लिहिलं नाही. खिडकीजवळचं टेबल मागा, असं ती आजही सांगे.

दर रविवारी सोल्वेचा फोन येई. सोल्वे तिची मुलगी, फार्गोला राहणारी. जानेवारी सुरू झाल्यापासून दर फोनमध्ये एकच विषय.

"आई, तुला काही झालं तर?"

"आठच्या आत कळेल. पडदा आहे ना."

"पडद्यावर काय विश्वास ठेवायचा?"

"पडद्यावर नाही गं, माणसांवर. इथे पडदा खाली दिसला की माणूस दारात येऊन उभं राहतं. तुमच्या फार्गोत शेजारी मेला तर चार दिवसांनी वासावरून कळतं."

"असलं काही बोलू नकोस."

"तूच विषय काढलास."

सोल्वेनं फार्गोत आईसाठी एक जागा बघून ठेवली होती. सहावा मजला, लिफ्ट, खाली जेवणाची खोली, भिंतीत मदत बोलवायचं लाल बटण. तिकडे हो की नाही हे जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. आणि युमातल्या सहीचीही नेमकी तीच मुदत होती. तळाची रीतच तशी. पुढच्या हिवाळ्यासाठी आपली जागा हवी असेल तर त्या शुक्रवारपर्यंत ऑफिसात जाऊन सही करायची, नसेल तर मार्चअखेर गाडी उचलायची. ड्वेन होता तोवर दोघं ती सही पहिल्याच दिवशी ठोकून मोकळी होत. या वर्षी कागद खणात पडून होता. राहायचं की जायचं, हे त्या पडद्याच्या एका गोष्टीवर येऊन अडलं होतं. सोल्वेजवळ आईच्या बाकी सगळ्या म्हणण्याला उत्तर होतं, पडद्याच्या या म्हणण्याला मात्र नव्हतं.

त्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी फोननं घात केला. नदीपलीकडे कॅलिफोर्निया, तिथे एक तास मागे. आणि तळावरचे फोन अधूनमधून पलीकडचा मनोरा पकडत आणि गुपचूप तो तास धरून बसत. जुनी माणसं म्हणून भिंतीवर घड्याळ ठेवत. आर्लिसच्या घड्याळातली बॅटरी शनिवारीच संपली होती. फोननं सात दाखवले तेव्हा ती उठली, सावकाश आवरलं, पावणेआठ बघून पडदा वर केला. ऊन गल्लीत फारच पुढे आलेलं दिसलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. पावणेनऊ वाजले होते.

म्हणजे पाऊण तास पडदा खाली होता, आणि दारात कुणी आलं नव्हतं.

समोर ऑरिनचा पडदा वर होता, पण खिडकीत तो नव्हता.

चार वाजता बेव्हच्या मांडवाखाली नेहमीप्रमाणे घडीच्या खुर्च्यांचा गोल झाला. बेव्ह कॅनडाची, आवाजानं मोठी, आणि सगळ्यांच्या पेल्यांवर तिचं लक्ष. आर्लिस गोलात बसली आणि कुणीतरी विषय काढील म्हणून वाट बघत राहिली. अगं, सकाळी तुझा पडदा? एवढंच कुणी म्हणायला हवं होतं.

"आर्लिस, आज चेहरा कसा टवटवीत दिसतोय," बेव्ह म्हणाली. "झोप झाली वाटतं."

"झाली."

"माझ्या नवऱ्याची तर रोजच होते. सकाळी जातो तो बाथरूममध्ये, तिथेही झोपतो."

"तिथे तू नसतेस ना," नवरा म्हणाला, आणि गोल हसला.

"ऑरिन दिसत नाही," आर्लिसनं विचारलं.

"पाठ धरलीय म्हणे. सकाळपासून बाहेरच नाही पडला."

गप्पा पुढे लेट्यूसच्या शेतांवरून उडणाऱ्या विमानांवर गेल्या. आर्लिस हातातला पेला फिरवत राहिली. पाऊण तास. ड्वेनला यंत्राची दोरी ओढल्यापासून जायला चार मिनिटंही लागली नव्हती.

सोमवारची रात्र गेली, मंगळवार गेला. मंगळवारी तिनं टेबलाशी बसून अकरा जणांना अकरा ठिकाणी पाठवलं. संध्याकाळी अंथरुणावर पडल्यावर तिनं स्वतःशी हिशेब मांडला: सोमवारी कुणाचं लक्ष नसेल. एखादे दिवशी नसतं. ऑरिनची पाठ धरली होती. एका दिवसावरून काही ठरवू नये. पण मग ठरवायचं कशावरून? शुक्रवार तीन दिवसांवर होता, आणि सोल्वेला ती जे छातीठोक सांगत आली होती ते खरं आहे की नाही हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

बुधवारी ती साडेसहाला उठली. केस विंचरले. निळा स्वेटर घातला, दार उघडताना बरं दिसावं म्हणून. कॉफी केली नाही, वास बाहेर जातो. दिवा लावला नाही. पडदा खालीच ठेवला आणि पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

पडद्याच्या कडेनं उन्हाची एक बारीक रेघ आत येऊन भांड्यांच्या कपाटावर पडली होती. ती हळूहळू खाली सरकत होती. बाहेर शेतमजुरांच्या बसगाड्या गेल्या. कुणाचं तरी कुत्रं गेलं, त्याच्या मागून कुणाच्या तरी सपाता. आठ वाजले. या वेळी भिंतीवरच्या घड्याळात नवी बॅटरी होती आणि फोन तिनं त्याच्याशी नीट जुळवून घेतला होता. आठ दहा. नळीतून पाणी गुरगुरलं. लहानपणी लपाछपीत ती कोठारात गव्हाच्या पोत्यांमागे लपली होती आणि शोधणारा भाऊ जेवायला निघून गेला होता, ते तिला आठवलं. साडेआठला जवळून पावलं वाजली. तिनं पाठ ताठ केली. पावलं पुढे गेली.

नऊ वाजले. आता कुणी आलं तर दचकल्यासारखं करायचं की झोपेतून उठल्यासारखं, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. मग ठरवायचं कारणच उरलं नाही. नऊनंतर ती नुसती बसून होती.

पावणेदहाला पावलं थेट पायरीपर्यंत आली. दोन माणसं. दारावर टकटक झाली आणि आर्लिसनं पलंगाची कड धरली.

"पडदा खाली आहे, ग्लेन," बाहेरून बाईचा आवाज.

"झोपली असेल."

"पावणेदहाला?"

"म्हातारं माणूस आहे. तू नाही का झोपत?"

"मी अडुसष्टची आहे."

"तेच म्हणतोय मी."

"गप्प बस. त्या टेबलाशी ती नव्हती, ऑफिसातली बाई म्हणाली एकशे चौदात बघा. पुन्हा वाजव. बुधवारी ते हॉटेल उघडं असतं का, एवढंच तर विचारायचंय."

आर्लिस अंधारात बसून होती. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं हसू, आणि तेही अर्ध्यातच थांबलं.

"बुधवारी बंद असतं," ती आतून म्हणाली.

"आभारी आहोत," ग्लेन दाराला म्हणाला. मग थोडं थांबून, "मग आम्ही कुठे जावं?"

आर्लिस उठली आणि दार उघडलं. उन्हानं डोळे दिपले. समोर आयोवातलं नवं जोडपं, एकसारख्या टोप्या घातलेलं, हातात वही. तिनं त्यांना पायरीवर उभ्या उभ्या कालव्याकाठच्या जागेचा रस्ता सांगितला. तिथलं हिरव्या मिरचीचं डुकराचं मटण घ्या म्हणाली, आणि बाराच्या आत पोचा, नंतर शेतावरची माणसं येतात, जागा मिळत नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं, दोनदा आभार मानले, आणि जाता जाता म्हणाल्या, "झोपमोड तर नाही ना केली?"

"नाही," आर्लिस म्हणाली.

ते वळणावर दिसेनासे झाले तेव्हा तिनं समोर पाहिलं. ऑरिनचा पडदा पूर्ण वर होता. आणि खिडकीत, काचेला अगदी लागून, ऑरिन बसला होता. तिच्याकडेच बघत होता.

मग मात्र तिला राग आला. इतका राग तिला ड्वेन गेल्यावर, सगळं एकटीवर टाकून गेला म्हणून, एकदाच आला होता. गल्ली म्हणजे जेमतेम बारा पावलं. तिनं ती घरातल्या सपातांवरच ओलांडली आणि न ठोठावता त्याचं दार ओढलं.

"तू बघत होतास," ती म्हणाली. "इथे बसून बघत होतास."

ऑरिन खुर्चीत तसाच होता. एका पायात बूट होता, नाडी बांधलेली. दुसरा बूट त्याच्या मांडीवर होता आणि त्यानं तो दोन्ही हातांनी धरला होता. चेहरा राखेसारखा.

"आठ वाजून दोन मिनिटांनी मी हा घातला," तो म्हणाला. त्याला पायातला बूट म्हणायचं होतं.

"पावणेदहा वाजून गेलेत, ऑरिन."

"माहीत आहे."

तिचा राग जिथल्या तिथे लटकून राहिला. ती दारातच उभी होती.

"लॉइडच्या वेळी दार उघडंच होतं," तो बुटाकडे बघत म्हणाला. लॉइड म्हणजे गेल्या हिवाळ्यातला त्याचा सोबती; ऑरिनची जागा तेव्हा शेजारच्या गल्लीत होती, लॉइडच्या समोर. "रोझाल्बा गावात गेली होती. मी वाट बघायला हवी होती. आत गेलो. नळ चालू होता. मोरीपाशी पडला होता तो, आणि नळ चालू होता. मी आधी नळ बंद केला. का ते विचारू नकोस. आधी नळ बंद केला, मग त्याच्याकडे बघितलं."

लॉइड गेल्याचं सगळ्या तळाला माहीत होतं. क्लबच्या खोलीत त्याच्यासाठी जेवण झालं होतं. आर्लिसनं बटाट्याची कोशिंबीर केली होती. ऑरिनला त्या दिवशी सगळ्यांनी खांद्यावर थोपटलं. नळाबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मग पुन्हा सोबती व्हायला हो का म्हणालास?"

"नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, घाबरला."

"रोझाल्बाला फोन तरी करायचास."

"केला असता तर ती आली असती. किल्ली घेऊन. आणि मग कळलं असतं. कुणी आत जात नव्हतं तोवर तू जिवंत होतीस."

आर्लिस खाली बसली. बसायला पायरीच होती, ती पायरीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून, कारण पुढचं तोंडावर सांगणं जमलं नसतं.

"सोमवारी माझ्या फोननं पलीकडचा तास धरला," ती म्हणाली. "पण आज मी जागी होते. साडेसहापासून. मुद्दाम पडदा खाली ठेवला."

पाठीमागे मांडीवरचा बूट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"मुद्दाम."

"कुणी येतं का ते बघायचं होतं."

"मी आलो नाही."

"नाही."

"कळलं ना आता तुला," ऑरिन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "जा तू आता, आर्लिस."

ती गेली. बारा पावलं परत चालताना तिला आपल्या पायातल्या सपाता फार जोरात वाजताहेत असं वाटलं.

गुरुवारी तिचा पडदा साडेसातला वर गेला, त्याचा पावणेआठला. काचेवर बोटं टेकली नाहीत. ती टेबलाशी बसली. आयोवाची जोडी मटण किती छान होतं ते सांगायला आली आणि वाळूच्या डोंगरांचा रस्ता घेऊन गेली. चारच्या गोलात ऑरिन आला नाही, आणि तीही गेली नाही. घरात बसून ती खणातला कागद काढून बघत राहिली. आता सोल्वेला काय सांगायचं ते तिच्याजवळ तयार होतं. कुणी आलं नाही, एवढंच सांगायचं. सोल्वे काही बोलणार नाही, मोठ्या मनाची आहे ती. लगेच त्या सहाव्या मजल्याचं बोलायला लागेल.

पाच वाजता बाहेर कुणीतरी खाकरलं. ऑरिन गल्लीच्या मधोमध उभा होता. तिच्या पायरीपासून सहा पावलांवर, अलीकडे नाही की पलीकडे नाही. दोन्ही पायांत बूट होते.

"दारापर्यंत यायचं माझ्याच्यानं होणार नाही," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "कितीही ठरवलं तरी होणार नाही. फोनही नाही. फोनवर ते शब्द तोंडानं बोलावे लागतात."

"बरं."

"पण माझ्या गाडीला हॉर्न आहे. बसच्या हॉर्नसारखा, मीच बसवलाय. आठ वाजले आणि तुझा पडदा खाली असला की तो दाबीन. दाबून धरीन. त्याला काही बोलावं लागत नाही. ऐकून ज्यांना यायचंय ते येतील. बेव्ह तर येईलच, शिव्या द्यायला."

आर्लिसनं दाराची चौकट धरली. "तू अजून रागावलायस."

"हो."

"तरी वाजवशील?"

"रागात जास्त जोरानं दाबला जातो."

ती हसली नाही, आणि त्यालाही तिनं हसावं असं वाटत नसावं. तो वळला. आपल्या पायरीशी पोचल्यावर त्यानं मागे न बघताच विचारलं, "फोनचं घड्याळ नीट केलंस का?"

"भिंतीवरच्याला बॅटरी घातली."

"ते बरं केलंस," तो म्हणाला, आणि दार लागलं.

शुक्रवारी नऊ वाजता ती ऑफिसात गेली. रोझाल्बा कागदांच्या ढिगाऱ्यात होती. तिनं आर्लिसकडे बघितलं आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"आर्लिस, तुम्हाला पडद्याचा सोबती बदलून हवाय का? परवा ऑरिन आला होता, बदलता येतं का विचारत. मी म्हटलं येतं, पण असं आठवड्याच्या मध्येच कुणी करत नाही, सोमवारी करू. अर्ध्या तासानं पुन्हा आला. म्हणाला, राहू दे."

"राहू दे," आर्लिसही म्हणाली.

कागद घेऊन ती बाहेर कट्ट्यावर बसली आणि फोन लावला. सोल्वे कामावर होती, पण तिनं उचलला.

"आई? सगळं ठीक?"

"मी तुला जे सांगत होते ना, पडदा खाली दिसला की माणूस दारात येतं म्हणून, ते मला माहीत नव्हतं. बुधवारी मी करून बघितलं."

तिनं सगळं सांगितलं. लपून बसल्याचं, आयोवाच्या जोडप्याचं, बुटाचं. हॉटेलच्या प्रश्नाला आतून दिलेलं उत्तर सांगितलं तेव्हा सोल्वेला हसू आलं, मग तिला त्याचं वाईट वाटलं.

"म्हणजे पावणेदोन तास कुणी आलं नाही."

"नाही."

"आणि खरंच काही झालं असतं तर?"

"तर मी गेलेच असते, सोल्वे. तुझ्या लाल बटणापाशी पोचले असते की नाही तेही सांगता येत नाही."

"मग तिथे राहून काय मिळतं तुला? तू कुठे जात नाहीस, कुणाकडे जेवत नाहीस. मला बेव्हनं सांगितलंय."

समोर कुणाची तरी गाडी तळाबाहेर पडत होती, टपावर सायकली, काचेतून नकाशा धरलेली बाई दिसत होती. तुरुंगाकडे निघाले असणार. उशीर केला होता.

"आठ वाजून दोन मिनिटांनी त्यानं बघितलं," ती म्हणाली. "माझी वाट बघत तो तेवढा वेळ घाबरून बसला होता. मी केलं ते बरं नाही केलं. पण मला वाटलं होतं कुणी बघतच नाही."

"हे काही उत्तर नाही, आई."

"नाही. पण आहे ते एवढंच आहे."

सोल्वे म्हणाली, "त्या जागेचं मी त्यांना नको म्हणून कळवते. आज. पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार."

"विचार."

"रविवारी करते फोन."

"कर."

कट्ट्यावरच गुडघ्यावर कागद ठेवून आर्लिसनं तो भरला. जागेचा नंबर, गाडीची लांबी, कुत्रं नाही. माणसं किती, या रकान्यात गेल्या वर्षी तिनं काहीच लिहिलं नव्हतं आणि रोझाल्बानंही विचारलं नव्हतं. या वेळी तिनं तिथे 'एक' लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली, कागद आत नेऊन दिला.

रोझाल्बानं शिक्का मारला. आर्लिस क्लबच्या खोलीत जाऊन टेबलाशी बसली आणि डबा उघडून ठेवला. अजून कुणी आलं नव्हतं.